सहा मीटरवरचा कातळ

परीक्षेचा हंगाम आला की मला पायांनी ऐकू येऊ लागतं. सुपरव्हिजनचे तीन तास वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. वर्गात साठ मुलं, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, खिडकीबाहेर वैशाखाचं पांढरंफटक ऊन. तिसऱ्या बाकावरची एखादी मुलगी गणित अडलं की पाय हलवायला लागते. तिचा बाक हलतो, बाकाबरोबर फरशी अगदी बारीक थरथरते आणि ती थरथर माझ्या चपलेच्या तळव्यातून वर चढते. यंदा पहिल्याच पेपरला असं झालं. शेजारच्या वर्गातले सहकारी दारातून विचारत होते, “मॅडम, बरं वाटत नाहीये का? पाणी मागवू?” इतकी मी उभ्या जागी हरवले होते. बारा वर्षांपूर्वीचा मे महिना पायांखाली आला होता.

मी ठाण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सिग्नल हा माझा विषय. एकमेकांत मिसळून गेलेल्या लहरींतून एकेक लहर सुटी करायची, कुठली खरी आणि कुठली नुसता गोंगाट ते ठरवायचं. त्या वर्षी पीएच.डी.साठी मी या विद्येला जमिनीवर आणलं होतं. जमीन आणि इमारती कशा थरथरतात, भूकंपात त्या काय करतील, हे आधीच त्यांच्या रोजच्या थरथरीतून ओळखता येतं का, हा माझा प्रश्न होता. स्टाफरूममध्ये हसायचे. “इलेक्ट्रॉनिक्सची बाई चिखलात उतरली,” म्हणायचे.

जमीन कधीच स्वस्थ नसते. लांबच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचे ट्रक, कारखान्यांतली यंत्रं, वारा, चालणारी माणसं, सगळ्यांचे बारीक धक्के तिच्यातून अखंड फिरत असतात. कातळ ताठ असतो, त्याच्यावर काही फारसं उमटत नाही. मऊ गाळ मात्र त्या सगळ्या गोंगाटातून आपल्या आवडीची एक लय उचलतो आणि तीच वाढवून डोलत राहतो. इमारतीलाही तिची लय असते. बुटकी इमारत भराभर हलते, उंच इमारत सावकाश. आता ही जमिनीची लय आणि इमारतीची लय नेमकी एक निघाली, तर मोठ्या धक्क्यात काय होईल हे झोपाळ्यावर बसलेल्या कुठल्याही मुलीला सांगता येईल. नेमक्या वेळी दिलेला छोटासा रेटाही झोका वर वर नेत राहतो.

माझं माहेर ठाण्याला, खाडीच्या काठाला. कोळीवाडा जिथे संपायचा तिथून आमची ‘शरयू’ सोसायटी सुरू व्हायची. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. आमच्या गॅलरीतून खाली बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसायचे, आणि मे महिन्यात त्यांचा खारट, उग्र वास उशीच्या अभ्र्यांत शिरायचा. ओहोटीला खाडीतून वेगळाच वास यायचा, जुना, काळा, गंधकासारखा. आईला तो सहन व्हायचा नाही. मला आवडायचा, पण हे मी कुणाला सांगत नसे. लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले आणि तिथल्या कंपन्यांच्या वासाला सरावले. तरी माहेरचा वास म्हणजे तोच.

त्या वर्षी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी बाबा एकटे. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात. भाजीवाल्याशी बोलतानाही “साधारण” हा शब्द त्यांना खपायचा नाही. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि इमारत पाडून नवीन बांधावी म्हणून गेली चार वर्षं झटत होते. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. शरयूच्या खांबांना भेगा गेल्या होत्या, जिन्याच्या छतातून गंजलेल्या सळया बाहेर डोकावत होत्या. वरच्या मजल्यावरच्या लेलेकाकू पावसाळ्यात सात बादल्या लावून झोपायच्या. अखेर एक बिल्डर तयार झाला. चौदा मजल्यांचा टॉवर, प्रत्येकाला मोठं घर. कागद तयार होते, फक्त सर्वसाधारण सभा आणि सह्या बाकी होत्या.

माझ्या यंत्राला एक जड, सपाट बैठक हवी होती. यंत्र म्हणजे डब्यातले स्प्रिंगचे तीन नाजूक कान. एक वर-खाली ऐकणारा, दोन आडवे ऐकणारे. ते जमिनीला घट्ट चिकटायला हवेत, नाहीतर डबाच डुगडुगतो आणि आपण डब्याचंच गाणं मोजत बसतो. हे बाबांना सांगितल्यावर ते दुसऱ्याच दिवशी वागळे इस्टेटला त्यांच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेले. सत्तरीला टेकलेला माणूस ॲप्रन घालून लेथपाशी उभा राहिला. संध्याकाळी बिडाची एक गोल ताटली घेऊन आले, खाली तीन स्क्रू, मध्ये पाणसळीचा बुडबुडा. “घे,” म्हणाले. “ही हलली तर मला सांग.” ताटलीच्या कडेवर बोट फिरवलं तर काचेसारखं घसरत होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी शरयूच्या मागच्या अंगणात ती ताटली मांडली. दुपार निवडली, कारण मासळी बाजार उठलेला असतो, माणसं जेवून पडलेली असतात आणि रस्ता जरा शांत होतो. खरं तर मला फक्त सराव करायचा होता. माहेरचं अंगण, ओळखीची जागा, कुणी हटकणार नाही. बुडबुडा मध्यावर आणला, डबा ठेवला, वर बादली पालथी घातली आणि भिंतीच्या सावलीत बसले. घाम डोळ्यांत उतरत होता. अर्धा तास हलायचं नव्हतं.

कुंपणापलीकडे हिराबाय सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. कोळीवाड्यातल्या जुन्या बाई, सत्तरीच्या पुढच्या. आईला रोज ताजी कोळंबी त्याच आणून द्यायच्या.

“काय गो मेदा, उन्हान कला बसलीस? बादलीखाली काय दरवलंय?”

मेधा हे नाव त्यांनी कधीच पूर्ण उच्चारलं नाही. मी म्हटलं, “हिराबाय, जमीन हलते ते मोजतेय.”

त्या हसल्या नाहीत. “हलते ना,” म्हणाल्या. “मना ठाव हाय. ट्रक गेला का माज्या चुलीवरचं कालवन थरथरतं. तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं समदी खाडीच व्हती. आमी पोरी चिकलातली मासली, निवट्या, धराला यायचो. गुडग्यावरी चिकल. माजी बहीन एकदा मांड्यांवरी रुतली, चार बायांनी वढून काडली. मग त्या लोकांनी भराव टाकला न् वर फरश्या घातल्या. चिकल कुटं गेला नाय. खालीच हाय त्यो.”

डोंबिवलीला घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला. सगळी नोंद तुकड्यांत कापली. स्कूटर गेल्याचे, दार आपटल्याचे तुकडे काढून टाकले. उरलेल्यांतून लय सुटी केली, आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागलं. पडद्यावरची रेघ सपाट चालत आली आणि एका जागी सुळक्यासारखी उठली. सेकंदाला एक हेलकावा, त्याच्या किंचित इकडेतिकडे. गाळ खोल असल्याशिवाय अशी सावकाश लय येत नाही. हिशेबाने पंधरा ते वीस मीटर.

मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले, परत बसले. चौदा मजल्यांच्या इमारतीची स्वतःची लय साधारण तीच असते. एका सेकंदात एक झोका.

आणि बाबांनी मला दाखवलेल्या बिल्डरच्या फायलीत मातीचा अहवाल होता. त्यात लिहिलं होतं: सहा मीटरवर कातळ.

दुसऱ्या दिवशी रेघ छापून ठाण्याला गेले. बाबांनी चष्मा लावला, कागद टेबलावर सपाट केला आणि बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चार वर्षांची धावपळ त्या सुळक्याला अडकली होती.

“यंत्र चुकलं असेल,” ते म्हणाले.

“असेल.”

“नवीन गेज आणला की आम्ही आधी प्रमाणाला लावून बघायचो. माहीत असलेल्या मापाला. तू लावलंस?”

मी नव्हतं लावलं. लाजले.

“मग कातळावर घेऊन चल. खऱ्या कातळावर. तिथेही हा सुळका आला तर यंत्र खोटं.”

रविवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने येऊरच्या पायथ्याशी गेलो. तिथे डोंगराचा काळा दगड उघडाच पडलाय. करवंदीच्या जाळीपाशी बाबांनी स्वतः ताटली ठेवली, दगडावरची माती रुमालाने झटकली, स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणला. मग अर्धा तास ते घड्याळ बघत होते, मी त्यांना. लॅपटॉप तिथेच उघडला. रेघ सपाट आली. कुठेही सुळका नाही.

“परत,” बाबा म्हणाले. परत घेतलं. सपाट.

तशीच रिक्षा फिरवून आम्ही शरयूच्या अंगणात आलो. तीच ताटली, तेच तीन कान. सुळका त्याच जागी उभा. बाबांनी मग पुढच्या दरवाजापाशी घ्यायला लावलं, मग पार्किंगमध्ये. तिन्ही ठिकाणी तो उठला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “माप बरोबर आहे,” एवढंच म्हणाले आणि वर जाऊन पंख्याखाली आडवे झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला वाटलं होतं, खरी गोष्ट सापडली की लोक ऐकतात. बत्तीस वर्षांची होते, पण या बाबतीत शाळकरीच.

आमचे विभागप्रमुख भागवत सर म्हणजे सभ्य माणूस. त्यांनी केबिनमध्ये बोलावून लिंबू सरबत दिलं. बाबांनी आलेखाची प्रत बिल्डरकडे पाठवली होती आणि त्याच्या सल्लागाराचा फोन सरांना येऊन गेला होता. “मेधा, तुझी डिग्री कशातली? मग मातीबद्दल मत द्यायला सिव्हिलवाले आहेत ना? प्रबंधात आलेख टाक, सोसायटीचं नाव काढ, विषय संपला. कॉलेजचं नाव भांडणात येता कामा नये.”

“सर, आलेख चुकीचा आहे असं कुणी म्हणतंय का?”

“तसं कुणी म्हणत नाहीये.”

“मग मी काय काढू?”

सरबत तसंच राहिलं. चार दिवसांनी लेखी मेमो आला. कॉलेजचं उपकरण खासगी वादात वापरल्याबद्दल खुलासा करावा. मी दोन ओळींत खुलासा केला. उपकरण संशोधनासाठी वापरलं आहे. संशोधनाचा निष्कर्ष सोबत जोडला आहे. आलेख जोडला, खाली सही केली, आवक नोंदवून घेतली. सही सरळ आली.

सभा रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन उभे पंखे, वेफर्सच्या पुड्या. बिल्डरकडून एक तरुण सल्लागार आला होता, इस्त्रीचा क्रीम शर्ट, गोड बोलणं. बाबांनी मला बोलायला सांगितलं. मी बोर्डावर झोपाळा काढला, लय समजावली, रेघ दाखवली. पाच मिनिटं बरं चाललं.

पहिल्या मजल्यावरचे सामंत उठले. “ठाण्यात भूकंप? मॅडम, आम्ही जन्मलो इथे. कधी आला?”

“येईल की नाही ते मला माहीत नाही, काका. कुणालाच माहीत नाही. आला तर ही जमीन काय करेल, तेवढं मला कळतं. आणि अहवालात जी जमीन लिहिलीय ती ही नव्हे.”

सल्लागार हसून म्हणाला, “मॅडम, रिपोर्ट सर्टिफाइड आहे. तुम्ही डबा ठेवून आणि बादली झाकून जे केलंत, त्याला आम्ही काय म्हणायचं?” लोक हसले. मीही लहानपणापासून या माणसांबरोबर हसत आले होते. त्या दिवशी त्यांच्या हसण्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होते.

मग लेलेकाकू बोलल्या. मी शाळेत असताना आई आजारी पडली, तेव्हा माझ्या डब्यात पोळ्या त्यांनीच भरल्या होत्या. त्या बसूनच बोलल्या, आवाज न चढवता. “मेधा, तू डोंबिवलीला सुटलीस गं. आम्ही अजून किती पावसाळे बादल्या लावून काढायचे? परवा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी छताचा तुकडा पडला. तुझा तो सुळका कधीतरी पुढे मारणार. हे छत मला उद्या मारेल.”

मी एवढंच म्हटलं, “काकू, इमारत पाडायलाच हवी. माझा विरोध त्याला नाहीच. पण कुठल्या जमिनीवर उभं राहायचंय ते न बघता तुम्ही चौदा मजले वर चढताय.”

“सह्या घ्या, सेक्रेटरी,” मागून कुणीतरी ओरडलं. “बास झालं लेक्चर.”

बाबा उठले. पांढरा शर्ट, खिशात पेन. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, नेहमी इतिवृत्त लिहायचे. “चार वर्षं या कागदांमागे मी धावलोय,” ते म्हणाले. “तुमच्यापेक्षा मला घाई आहे. पण आयुष्यात मी न मोजलेल्या मापाखाली सही केलेली नाही. इथे, आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर बोअर घ्या. दोन-तीन दिवसांचं काम. सहा मीटरवर कातळ लागला तर त्याच मिनिटाला सही करतो आणि मुलीच्या वतीने माफी मागतो. तोवर सही नाही.”

“मग राजीनामा द्या!”

“देतो. पण नवीन सेक्रेटरीलाही मी हेच विचारणार, सभासद म्हणून.”

गलका झाला. त्यात लेलेकाकूंनीच हात वर केला. “होऊन जाऊ दे की तो बोअर. कातळ लागला की हिचं तोंड बंद होईल. मी इथे बसून बघणार.” सल्लागाराने आधी नाक मुरडलं, मग सगळ्यांच्या नजरा पाहून मान डोलावली. त्याला बहुधा खरंच वाटत होतं की कागद बरोबर आहे.

बोअरवाले बुधवारी आले. लोखंडी तिपाई उभी राहिली, विंचचं इंजिन धडधडू लागलं. पोलादी नळीवर घण उचलून सोडायचा, किती घावांत नळी किती खाली जाते ते मोजायचं. कठीण जमिनीत नळी हटत नाही. ऊन असं की तिपाईला हात लागला तर चटका बसायचा. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. लेलेकाकू शब्दाला जागून खाली खुर्ची टाकून बसल्या, डोक्यावर ओला टॉवेल. बाबा टेप घेऊन प्रत्येक नळीची लांबी स्वतः मोजत होते. ऑपरेटर वैतागून म्हणाला, “काका, आमचं रोजचं काम आहे.” बाबा म्हणाले, “माझंही होतं.”

वरचे दोन मीटर भराव निघाला. विटांचे तुकडे, मुरूम, एका चपलेचा रबरी तळ. चार मीटरला ओलसर काळं काहीतरी. सहा मीटर आले तेव्हा सगळे खुर्च्यांवरून उठून जवळ आले. नळी खाली सोडली. घण एकदा पडला आणि नळी आपणहून खाली गेली, लोण्यात सुरी जावी तशी. वर काढून उघडली. आत काळा, चकचकीत चिखल, हातभर. ओहोटीचा तो वास साऱ्या अंगणात पसरला.

कुंपणाशी उभ्या असलेल्या हिराबाय आत आल्या. कुणाला न विचारता त्यांनी चिखलात बोटं घातली आणि एक शिंपला बाहेर काढला. पदराने पुसला, सल्लागाराच्या हातात ठेवला. “चिकलातली शिवली हाय ही,” म्हणाल्या. “कातलान ऱ्हाते क?”

कुणी हसलं नाही. क्रीम शर्टवर चिखलाचा एक थेंब उडाला होता, तो झटकायचंही त्याला सुचलं नाही.

आठ मीटर, चिखल. दहा, चिखल. गुरुवारी तेरा. शुक्रवारी दुपारी अठरा मीटरच्या थोडं खाली घणाचा आवाज बदलला. ठणठण वाजला, नळी जागची हलेना. मी तेव्हा कॉलेजात पेपरला होते. बाबांचा फोन आला. त्यांनी आकडा सांगितला, मिलिमीटरसकट. मी जिंकले होते म्हणे. व्हरांड्यात उभी राहून मी रडत होते, कारण आता शरयूचं काय होणार हे मला दिसत होतं.

झालंही तसंच. अहवाल दुसऱ्याच प्लॉटचा होता, वरच्या रस्त्यावरचा, डोंगराकडचा. “टायपिंगची चूक,” असं पत्र आलं. मग महिनाभरात बिल्डर निघून गेला. नवीन माणूस मिळायला दीड वर्ष गेलं. त्याच्या इंजिनिअरने मात्र माझा आलेख मागून घेतला. कातळापर्यंत काँक्रीटचे खोल खांब, म्हणजे पाइल, नेले, मजले अकरावर आणले, तळापासून गच्चीपर्यंत काँक्रीटच्या भिंती घालून इमारत ताठ केली, म्हणजे तिची लय चिखलाच्या लयीपासून लांब राहील. लोकांना घरात जायला एकूण सहा वर्षं लागली. त्यांतले दोन पावसाळे त्यांनी जुन्या शरयूत काढले. त्या दोन पावसाळ्यांत प्रत्येक मोठ्या सरीला मी डोंबिवलीत जागी असायचे.

लेलेकाकू नव्या घरात गेल्याच नाहीत. कल्याणला मुलाकडे भाड्याच्या जागेत राहिल्या आणि तिथेच गेल्या. त्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी कैरीचं पन्हं केलं, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. निघताना दारात म्हणाल्या, “तू बरोबर होतीस. मी स्वतः बघितला तो चिखल. पण मला राग आहे तो आहेच हो. त्याला मी काय करू?”

“राहू दे काकू,” मी म्हटलं. “तेवढा तुमचा हक्क आहे.”

मी माफी मागितली नाही. त्यांनाही ती नको होती. त्यांचा राग मी बरोबर घेऊन जगते, आणि तरी पुन्हा तो मे महिना आला तर पुन्हा ताटली मांडेन. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

बाबा नव्या घरात तीन वर्षं राहिले. सेक्रेटरीपद त्यांनी परत घेतलं नाही. सामंत जिन्यात भेटले तर मान वळवायचे, बाबा मुद्दाम मोठ्याने नमस्कार करायचे. शेवटच्या उन्हाळ्यात ते माझ्या प्रबंधाची प्रत मांडीवर घेऊन बसत. गणित त्यांना कळायचं नाही. आलेखांची परिमाणं मात्र पट्टी लावून तपासायचे. दोन चुका काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या. कॉलेजातला तो मेमो माझ्या फायलीत अजून आहे आणि त्यामुळे एक बढती मागे पडली, असं म्हणतात. असेल.

आज कल्याणहून एक पत्र आलं. तिथे खाडीच्या बाजूला भराव टाकलेल्या जमिनीवर पंधरा मजले उठतायत. आजूबाजूच्या चाळीतल्या तीन बायकांनी मिळून मला बोलावलं आहे. त्यांच्या घरांना तडे जाऊ लागलेत आणि कुणी ऐकून घेत नाही. पाठोपाठ प्रकल्पाच्या ऑफिसातून फोन आला. आवाज तरुण होता, सभ्य होता. “मॅडम, प्लॉट खासगी आहे. परवानगीशिवाय आत येऊन मोजमाप करता येणार नाही. आम्ही गेट बंद ठेवणार आहोत.”

“ठेवा,” मी म्हटलं. “मी बाहेर रस्त्याच्या कडेला बसेन.”

“रस्त्यावर बसून तुम्हाला आतलं काय कळणार?”

“अहो,” मी म्हटलं, “जमीन तुमच्या गेटपाशी संपत नाही.”

रविवारी सकाळी आठला मी तिथे असेन.